सोलापुरातील छोट्या संस्थांची संकेतस्थळे : सीएमएसचा विस्तार नेमका कोणत्या जागी करावा?

भुईकोट (धागाकर्ते)

नमस्कार. सोलापुरात यंत्रमागधारकांचे संघ, सार्वजनिक वाचनालये, शाळा, डाळिंब बागाईतदारांचे गट अशा अनेक छोट्या संस्था स्वतःचे संकेतस्थळ उभारत आहेत. अशी कामे मी करतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेकांची निवड वर्डप्रेसवर, तर काहींची ड्रुपलवर येऊन थांबते. या दोन्ही सीएमएस, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली. ही निवड योग्यच आहे. दोन्ही प्रणाली जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतात, म्हणजे संस्थेला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि काम करून देणारा माणूस बदलला तरी संपूर्ण कोड संस्थेच्याच हाती राहतो. दुसरा कोणीही तो वाचून काम पुढे नेऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र असे संकेतस्थळ दुसऱ्याच्या हाती गेले की तो ते नव्याने करायला सांगतो. संस्थेचा दुसऱ्यांदा खर्च होतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा आधीच्या माणसाने विस्तारासाठी लिहिलेला कोड चुकीच्या जागी ठेवलेला असतो. या धाग्यात मला त्या जागेविषयीच चर्चा करायची आहे.

वर्डप्रेसपुरते बोलायचे तर कोड ठेवायच्या जागा तीन आहेत : मूळ गाभा, थीम (दिसण्याचा साज) आणि प्लगइन (वेगळी बसवायची जोड). गाभ्यात हात घालू नये हे सगळे सांगतात, तरीही घातला जातो. एका संस्थेचे संकेतस्थळ माझ्याकडे आले तेव्हा तारीख मराठी पद्धतीने दिसावी म्हणून कोणीतरी गाभ्यातील एका फाइलमध्ये थेट बदल केलेले होते, आणि ते बदल पुसले जाऊ नयेत म्हणून सर्व अपडेट बंद करून ठेवलेली होती. ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ या आवृत्तीपासून सुरक्षेची छोटी अपडेट वर्डप्रेस आपोआप बसवून घेते. ती सोय बंद करणे म्हणजे संकेतस्थळ उघड्यावर टाकणे होय. शिवाय तारखेचे ते काम एका फिल्टरने (दाखवण्याआधी मूल्य बदलणाऱ्या कोडने), चार-सहा ओळींत, गाभ्याला स्पर्श न करता झाले असते.

दुसरी जागा थीमची, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. समजा, चादरी आणि टॉवेल उत्पादकांच्या एखाद्या संघासाठी आपण 'उत्पादन' नावाचा वेगळा मजकूर-प्रकार तयार केला. ही सोय २०१० च्या ३.० या आवृत्तीपासून नीट उपलब्ध आहे. त्याची नोंदणी आपण थीमच्या 'फंक्शन्स डॉट पीएचपी' या फाइलमध्ये केली, सूची भरली, सर्व छान दिसू लागले. पुढे संघाने थीम बदलली की 'उत्पादन' हा विभागच व्यवस्थापनाच्या पटलावरून नाहीसा होतो. नोंदी डेटाबेसमध्ये जशाच्या तशा असतात. फक्त त्या प्रकाराची ओळख करून देणारा कोड थीमबरोबर गेलेला असतो. पण पदाधिकाऱ्यांना हे कसे कळावे? त्यांच्या दृष्टीने सगळी मेहनत पुसली गेलेली असते, आणि कित्येकदा ते सूची पुन्हा भरायला बसतात.

म्हणून मी एक नियम धरला आहे. थीम बदलल्यानंतरही जे टिकले पाहिजे, ते प्लगइनमध्ये ठेवावे. थीमबरोबर गेले तरी ज्याने काही बिघडत नाही, तेवढेच थीममध्ये ठेवावे. मजकूर-प्रकार, वर्गीकरणे, अर्जांची प्रक्रिया, भूमिका आणि अधिकार हे सर्व पहिल्या गटात येते. रंग, मांडणी, पानाचा साचा हे दुसऱ्या गटात.

मला दोन बाबतींत आपले अनुभव हवे आहेत. आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा घराघरांत चालतात, तेव्हा बहुभाषिक संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर करावे, हा पहिला प्रश्न. आणि देवनागरी मजकुराचा शोध, क्रम व पानांचे पत्ते यांबाबत आपण काय करता, हा दुसरा.

हिप्परगा

भुईकोट, तुमचा नियम मला पूर्णपणे पटतो. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवते, म्हणून त्यामागील यंत्रणेविषयी थोडे लिहिते, कारण ती समजली की जागेचा प्रश्न आपोआप सुटतो.

पान तयार होत असताना गाभा ठरावीक ठिकाणी थांबून विचारतो, 'इथे कोणाला काही करायचे आहे का?' या ठिकाणांना हुक म्हणतात. ॲक्शन प्रकारच्या हुकवर आपण एखादे काम नोंदवतो, उदाहरणार्थ नोंद जतन झाल्यावर कार्यवाहांना ईमेल पाठवणे. फिल्टर प्रकारच्या हुकवर गाभा आपल्या हाती एक मूल्य देतो, आपण ते बदलून परत करतो. परत करायला विसरले तर ते मूल्य रिकामे होते आणि मजकूरच गायब होतो; नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच. प्लगइन, थीम आणि गाभा हे तिघेही याच हुकांवर आपापले काम टांगतात, म्हणजे कोड थीममधून प्लगइनमध्ये हलवताना तांत्रिक अडचण जवळजवळ नसतेच. त्याच ओळी दुसऱ्या फाइलमध्ये जातात.

यात एक भर घालते. मजकूर-प्रकाराची नोंदणी साध्या प्लगइनमध्ये ठेवली तर कोणीतरी उत्साहाच्या भरात ते प्लगइन निष्क्रिय करू शकते, आणि परिणाम तोच होतो जो तुम्ही वर्णन केला आहे. अशा कोडसाठी 'एमयू-प्लगइन्स' नावाचा एक वेगळा फोल्डर असतो. त्यातील फाइल आपोआप चालू राहते आणि व्यवस्थापनाच्या पटलावरून बंद करता येत नाही. तिच्यासाठी सक्रिय करण्याचा टप्पाच नसल्यामुळे त्या वेळी चालणारा कोडही चालत नाही, म्हणून नव्या प्रकाराची पाने 'सापडले नाही' असे दाखवू लागली तर स्थायी दुव्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन ते एकदा पुन्हा जतन करावे. एवढ्याने दुव्यांचे नियम नव्याने तयार होतात.

आणि प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी संस्थेचा स्वतःचा उपसर्ग लावावा, किंवा नेमस्पेस वापरावी. दोन प्लगइनमध्ये एकाच नावाचे फंक्शन आले तर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती, तिथेच थांबते.

दोन_माग

मी यंत्रमागाचा छोटा कारखाना चालवतो, कोड लिहीत नाही. वर लिहिलेले मी माझ्या शब्दांत मांडतो, चुकत असेल तर सांगावे : जॅकार्डमध्ये नक्षी बदलायची तर पत्ते बदलतात, त्यासाठी माग कोणी कापत नाही, तसाच गाभा हा माग आणि प्लगइन हे पत्ते.

माझा प्रश्न असा आहे. आमचे संकेतस्थळ ज्यांनी केले त्यांनी एक पेज बिल्डर बसवून दिला आहे. त्यात आम्ही स्वतः चित्रे ओढून ठेवतो, मजकूर लिहितो, कोणाला विचारावे लागत नाही. मग आम्हांला वेगळ्या मजकूर-प्रकाराची आणि प्लगइनची गरज का पडावी? पन्नास-साठ डिझाइनची पाने तर आम्ही अशीच केली आहेत.

भुईकोट

दोन_माग, तुमची समजूत बरोबर आहे, आणि प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

पेज बिल्डरमध्ये तुम्ही प्रत्येक डिझाइनचे पान हाताने मांडता. चादरीचा आकार, वजन, सुताचा काउंट, रंग, दर हे सर्व त्या पानावर एका लांब मजकुराचा भाग म्हणून बसते. वाचणाऱ्या माणसाला ते नीट कळते. प्रणालीला मात्र त्यातला दर कोणता आणि वजन कोणते हे ठाऊक नसते. उद्या एखाद्या बाहेरगावच्या घाऊक व्यापाऱ्याने 'दुहेरी आकाराच्या, अमुक वजनाच्या वरच्या सर्व चादरी दाखवा' असे म्हटले तर तुमच्या संकेतस्थळाला ते जमणार नाही. दरवाढ झाली तर सर्व पाने एकेक उघडून बदलावी लागतील. 'उत्पादन' हा प्रकार करून आकार, वजन, काउंट, दर ही वेगळी रकाने ठेवली, तर माहिती एकदा भरायची आणि साचा एकच. तोच मजकूर सूचीत, शोधात, छापील दरपत्रकात, आणि पुढे मोबाइल ॲप करायचे ठरले तर रेस्ट एपीआयमार्फत (दुसऱ्या प्रोग्रामला मजकूर पुरवणाऱ्या सोयीमार्फत) तिथेही वापरता येतो. हा एपीआय डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून मजकुरासाठी गाभ्यातच आहे.

दुसरे कारण बाहेर पडण्याचे आहे. काही पेज बिल्डर पानाची मांडणी चौकटी कंसातल्या शॉर्टकोडच्या रूपात मजकुरात साठवतात. बिल्डर काढून टाकला की पानावर ते कंस तसेच उघडे दिसू लागतात आणि मूळ वाक्ये त्यांत अडकून पडतात. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून गाभ्यात आलेला ब्लॉक संपादक या बाबतीत पुष्कळ बरा आहे. साध्या ब्लॉकचा मजकूर सरळ एचटीएमएल म्हणून साठतो आणि ब्लॉकच्या खुणा अदृश्य टिपणीच्या स्वरूपात राहतात, त्यामुळे एखादे ब्लॉकचे प्लगइन काढले तरी वाक्ये आणि चित्रे वाचता येतात. ज्या ब्लॉकचा मजकूर पान उघडताना तयार होतो, तो मात्र प्लगइनबरोबर जातो.

तुमच्याकडे पन्नास-साठ पाने आहेत, तेव्हा आत्ताच हे स्थलांतर हाती घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. पुढल्या हंगामात डिझाइन वाढल्यावर तेच काम फार महाग पडेल. मुखपृष्ठ आणि 'आमच्याविषयी' ही पाने बिल्डरमध्येच राहू द्यावीत, त्याने काही बिघडत नाही.

दोन_माग

रकान्यांचे कारण पटले. व्यापारी फोनवर अगदी हेच विचारतात, आणि आम्ही वही उघडून उत्तर देतो.

पोथीशाळा

मी एका सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहते. आमची ग्रंथसूची अनेक वर्षांपूर्वी संगणकावर श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टपद्धतीत टंकित केलेली होती. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून वर्डप्रेसमध्ये घातली, आणि त्यानंतर ज्या अडचणी आल्या त्या इथे मांडते, कारण इतर वाचनालयांनाही त्या येणारच.

पहिली अडचण शोधाची. सूचीत पुस्तक आहे हे मला पक्के ठाऊक असते, शीर्षक मी अचूक टंकते, तरीही शोध रिकामा येतो. असे विशेषतः 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याची' अशा शब्दांबाबत घडते. दुसरी अडचण पानांच्या पत्त्यांची : लांब मराठी शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटलेले दिसतात. तिसरी अशी की 'क्ष' आणि 'ज्ञ' यांनी सुरू होणारी नावे सूचीत क आणि ज यांच्या पोटात जातात. आमच्या वाचकांना ती वर्णमालेच्या शेवटी शोधायची सवय आहे. आणि चौथी, सूची मोठी असल्यामुळे लेखक, विषय आणि भाषा अशा तीन अटी एकत्र लावून गाळणी केली की पान उघडायला फार वेळ लागतो.

हिप्परगा

पोथीशाळाताई, या चारही अडचणींची कारणे निश्चित आहेत आणि चारही सोडवता येतात. शोधाची अडचण सर्वांत महत्त्वाची आहे, तिच्यापासून सुरुवात करते.

'दुसऱ्या' या शब्दातले अर्धे र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिले जाते. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य येतो. दुसऱ्या पद्धतीत साधा र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आणि मग य येतो. तिसऱ्या पद्धतीत र आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) वेगळे असतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या यंत्रणेपुढे ते वेगवेगळे अक्षरक्रम असतात. फॉन्टचे रूपांतर करणारी साधने बहुधा एक पद्धत वापरतात आणि मोबाइलवरचा कळफलक दुसरी. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, जे पीएचपीच्या 'इंटल' विस्तारातील नॉर्मलायझर करतो, ते र आणि नुक्ता यांना जोडून ऱ करते. परंतु अदृश्य जोडक असलेले रूप ते बदलत नाही. म्हणून आपल्याला स्वतःचा एक छोटा नियम लिहावा लागतो : र, हलन्त आणि जोडक हा क्रम आला की त्याजागी ऱ आणि हलन्त ठेवावे. हीच गोष्ट ॲ या अक्षराची. ते एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि अ अधिक चंद्र असेही, आणि या दोन रूपांना सामान्यीकरण एकत्र आणत नाही.

हा नियम दोन ठिकाणी चालला पाहिजे. नोंद जतन होताना 'डब्ल्यूपी_इन्सर्ट_पोस्ट_डेटा' या फिल्टरवर, आणि शोधाचा शब्द डेटाबेसकडे जाण्याआधी 'प्री_गेट_पोस्ट्स' या हुकवर. एकाच ठिकाणी लावला तर अर्धा शोध तसाच बिघडलेला राहतो. आधीपासून साठलेल्या नोंदींसाठी तो एकदा सर्व सूचीवर चालवावा, अर्थातच डेटाबेसची प्रत काढून ठेवल्यानंतर. आणि भुईकोट यांच्या नियमाप्रमाणे हे सर्व प्लगइनमध्येच ठेवायचे.

पत्त्यांचे कारण निव्वळ गणिती आहे. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याचा तुकडा २०० चिन्हांपर्यंत साठवते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा अनुस्वार युटीएफ-८ या साठवणपद्धतीत ३ बाइट घेतो, आणि पत्त्यात त्याचे सांकेतिक रूप ९ चिन्हांचे होते. म्हणजे जेमतेम २२ घटक मावतात, आणि त्यांत मात्राही मोजल्या जातात. दोन_माग यांच्या कामातले उदाहरण घ्यायचे तर 'सोलापुरी जॅकार्ड चादर मयूरपंख नक्षी' या शीर्षकाचा पत्ता 'चादर' नंतर 'मय' इथे तुटतो. यावर उपाय म्हणजे पत्त्यासाठी छोटा तुकडा स्वतः लिहावा. ग्रंथसूचीत मी दाखल क्रमांकच पत्ता म्हणून वापरीन, कारण तो एकमेव असतो, बदलत नाही आणि संदेशात पाठवताना टक्केचिन्हांची लांब रांगही होत नाही.

क्रमासाठी एक अदृश्य रकाना ठेवून त्यात शीर्षकाची क्रमकळ साठवावी, म्हणजे क्ष आणि ज्ञ यांना ह आणि ळ यांच्या पुढचे स्थान देणारी चिन्हे. डेटाबेसच्या सर्वसाधारण क्रमवारीत क्ष हा क, हलन्त आणि ष असा वाचला जातो, त्यामुळे तो क मध्येच जाणार.

संथ गाळणीचे कारण मला तुमच्या रचनेत दिसते. लेखक, विषय आणि भाषा तुम्ही बहुधा 'मेटा' रकान्यांत, म्हणजे नोंदीला जोडलेल्या नाव-मूल्याच्या जोड्यांत, ठेवली असावीत. त्या तक्त्यात रकान्याच्या नावावर इंडेक्स (जलद शोधाची अनुक्रमणिका) असतो, मूल्यावर नसतो. तीन अटी लावल्या की तोच तक्ता तीनदा जोडला जातो आणि प्रत्येक वेळी मूल्ये एकेक करून तपासली जातात. ज्या गोष्टींवर गाळणी करायची आहे त्या वर्गीकरणात ठेवाव्यात. लेखक हे वर्गीकरण, विषय हे वर्गीकरण, भाषा हे वर्गीकरण. पृष्ठसंख्या, किंमत, दाखल क्रमांक हे मेटामध्ये राहिले तरी चालते.

पोथीशाळा

तिन्ही मेटा रकान्यांतच आहेत. आता कारण कळले. मनापासून आभार.

अक्कलकोट_रोड

बहुभाषिकतेच्या प्रश्नावर मी ड्रुपलच्या बाजूने बोलणार आहे, कारण माझ्या मते सोलापूरसारख्या शहरासाठी तो प्रश्न दुय्यम नाही.

वर्डप्रेसच्या गाभ्यात आजही एकाच मजकुराची अनेक भाषांतील रूपे ठेवण्याची सोय नाही. ब्लॉक संपादक ज्यातून आला त्या गुटेनबर्ग प्रकल्पाच्या चार टप्प्यांच्या आराखड्यात बहुभाषिकता हा शेवटचा टप्पा आहे. तोपर्यंत पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएल यांसारख्या प्लगइनवर अवलंबून राहावे लागते. पॉलिलँगमध्ये प्रत्येक भाषेतील नोंद स्वतंत्र असते आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बातम्या किंवा लेखांसाठी हे पुरते. परंतु ज्या नोंदीत दर, वजन, दाखल क्रमांक असे भाषेशी संबंध नसलेले रकाने असतात, तिथे एकच आकडा चार नोंदींत सारखा ठेवण्याची जबाबदारी वाढते.

ड्रुपलमध्ये नोव्हेंबर २०१५ च्या ८ व्या आवृत्तीपासून भाषा, पटलाचे भाषांतर, मजकुराचे भाषांतर आणि सेटिंगचे भाषांतर अशी चार मॉड्यूल (ड्रुपलमधील प्लगइनसारखे घटक) गाभ्यातच आहेत. भाषांतर रकान्याच्या पातळीवर होते : शीर्षक आणि वर्णन भाषांतरित करायचे, दर आणि वजन सर्व भाषांत एकच ठेवायचे, हे आपण प्रत्येक रकान्यापुढे खूण करून ठरवतो. नोंद एकच राहते. चार भाषांत दरपत्रक काढणाऱ्या संघाला याचे मोल लगेच कळेल.

दुसरी गोष्ट परस्परसंबंधांची. वाचनालये आता स्थानिक इतिहासाचे विभागही करत आहेत. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉचे उदाहरण घेऊ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. इथे व्यक्ती, घटना, स्थळ, ग्रंथ आणि छायाचित्र हे वेगवेगळे प्रकार आहेत. एका घटनेत चार व्यक्ती आहेत, एका व्यक्तीविषयी अनेक ग्रंथ आहेत, एका छायाचित्रात स्थळही आहे आणि व्यक्तीही. ड्रुपलमध्ये संदर्भ-रकान्याने हे संबंध एकदा जोडले की व्ह्यूज या मॉड्यूलच्या साहाय्याने 'या व्यक्तीशी संबंधित सर्व ग्रंथ' किंवा 'या वर्षातील सर्व घटना' अशा याद्या कोडची एकही ओळ न लिहिता तयार होतात. पूर्वी वेगळे बसवावे लागणारे व्ह्यूज ८ व्या आवृत्तीपासून गाभ्यात आहे. एक सूचना मात्र कोणत्याही प्रणालीसाठी लागू आहे : घटनेची तारीख स्वतंत्र तारीख-रकान्यात ठेवावी. ती नोंदीच्या प्रकाशन-दिनांकात घालण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि त्यामुळे नोंद केव्हा झाली ही माहिती कायमची जाते.

मराठी वाचकांना ड्रुपल अपरिचित वाटण्याचे कारण नाही. मायबोली आणि मिसळपाव ही दोन्ही संकेतस्थळे त्यावर चालत आली आहेत. त्यांच्या पानांच्या पत्त्यात येणारा 'नोड' हा शब्द तिथलाच आहे.

भुईकोट

अक्कलकोट_रोड, रकान्याच्या पातळीवरील भाषांतराचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्या बाबतीत वर्डप्रेस मागे आहे यात शंका नाही. तरीही मला ड्रुपलच्या आवृत्त्यांविषयी बोलले पाहिजे, कारण छोट्या संस्थेला पाच-सात वर्षांनी काय सोसावे लागते ते पाहूनच निवड करायला हवी.

ड्रुपल ७ ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा आधार संपला. चौदा वर्षे आधार मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण ७ मधून ८ मध्ये जाणे हे साधे अपडेट नव्हते. गाभा सिम्फनी या पीएचपी चौकटीच्या घटकांवर नव्याने बांधला गेला, थीमसाठी ट्विग ही साच्यांची पद्धत आली, आणि स्वतःसाठी लिहिलेले प्रत्येक मॉड्यूल पुन्हा लिहावे लागले. मजकूर हलवण्याची साधने गाभ्यात होती, हे खरे; परंतु ज्या संस्थेने एकदाच पैसे उभे करून संकेतस्थळ केले, तिला पुन्हा तेवढाच खर्च कसा परवडावा? सातव्या आवृत्तीच्या पद्धतीवरच पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांनी बॅकड्रॉप हा वेगळा प्रकल्प सुरू केला आणि २०१५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, त्यामागे हीच अडचण होती. याशिवाय आजच्या ड्रुपलला कंपोझर हे कोडचे घटक बसवणारे साधन लागते, आणि साध्या सामायिक होस्टिंगवर, आदेशपटलाशिवाय, ते काम सुखाचे होत नाही.

वर्डप्रेसने २००३ पासून जुन्या प्लगइनशी सुसंगती सांभाळण्यावर भर दिला आहे. त्यामुळे गाभ्यात जुन्या पद्धती साचून राहिल्या, हा दोष मी मान्य करतो. परंतु जुने प्लगइन सहसा चालत राहते.

अक्कलकोट_रोड

सातव्या आवृत्तीविषयी तुम्ही लिहिले ते सर्व खरे आहे आणि त्यात अनेक संस्था अडकल्या. मात्र त्यानंतरचा अनुभव वेगळा आहे, तोही नोंदवला पाहिजे. ८ मधून ९, ९ मधून १०, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ११ या प्रत्येक टप्प्यात पुढच्या आवृत्तीत काय काढले जाणार आहे ते आधीच्याच आवृत्तीत जाहीर होते आणि मॉड्यूल आगाऊ दुरुस्त करता येते. पुनर्लेखन करावे लागत नाही.

आणि 'जुने प्लगइन सहसा चालत राहते' या विधानाला एक मर्यादा आहे. वर्डप्रेस सुसंगती राखते, पीएचपी राखत नाही. होस्टिंगवाल्याने पीएचपी ८ लावले की 'क्रिएट_फंक्शन' आणि 'ईच' वापरणारी जुनी प्लगइन त्याच क्षणी थांबतात, कारण ही फंक्शन ८.० मध्ये काढून टाकली गेली. त्या दिवशी संस्थेला दोष कोणाचा हे कळत नाही. मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून असा बिघाड झाला की व्यवस्थापकाला दुरुस्तीचा दुवा ईमेलने जातो; पण संस्थेच्या खात्याला जोडलेला ईमेल अजूनही जुन्या कारागिराचाच असेल तर तो दुवा तिकडेच जातो. म्हणून प्रत्येक संस्थेने आजच हा ईमेल तपासावा, तसेच डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर आहे तेही पाहावे.

हिप्परगा

पीएचपीचा मुद्दा आला आहे तर सुरक्षेविषयीही लिहिते. स्वतःचे प्लगइन लिहिणारे विद्यार्थी बाहेरून आलेली माहिती तशीच डेटाबेसमध्ये घालतात आणि तशीच पानावर छापतात. आत येताना माहिती स्वच्छ करावी, डेटाबेसला प्रश्न विचारताना 'प्रिपेअर' वापरावे, पानावर छापताना 'ईएससी_एचटीएमएल' किंवा त्याच्या भावंडांतून ती जाऊ द्यावी, अर्जासोबत नॉन्स (तात्पुरता सांकेतिक शब्द) तपासावा, आणि करणाऱ्याला ते काम करण्याचा अधिकार आहे का तेही तपासावे. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. विनंती आपल्याच पानावरून, त्याच वापरकर्त्याच्या हातून आली, एवढे नॉन्स सांगतो. तो अधिकृत आहे असे सांगत नाही. पैसे वाचवण्यासाठी सशुल्क थीमच्या फुकट फिरणाऱ्या प्रती बसवल्या जातात, त्यांत बहुधा मागचे दार ठेवलेले असते. त्या कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत.

पोथीशाळा

निवडीचा विचार करताना माझी एक अडचण राहिली आहे. आमच्याकडे मराठीखालोखाल कन्नड आणि तेलुगू ग्रंथ आहेत आणि उर्दूचे एक कपाटही आहे. वाचकांसाठी पटल मराठीतच असावे, चार भाषांत संपूर्ण संकेतस्थळ आम्हांला नको. फक्त ग्रंथाचे नाव त्याच्या मूळ लिपीत दिसले पाहिजे. सूचीत एका ओळीत मराठी शीर्षक आणि तिच्याच खालच्या ओळीत उर्दू शीर्षक आले की उर्दूतील कंस, वर्ष आणि खंडाचा क्रमांक भलत्याच बाजूला जातात. एवढ्यासाठी ड्रुपलवर जावे का?

अक्कलकोट_रोड

ताई, एवढ्यासाठी जाऊ नये. तुमची गरज बहुभाषिक संकेतस्थळाची नसून बहुलिपी सूचीची आहे, आणि ती वर्डप्रेसवर नीट भागते. चार भाषांत दरपत्रक हवे असलेल्या संघाला मी ड्रुपल सुचवीन, तुम्हांला नाही.

हिप्परगा

मीही हेच म्हणेन. वर्डप्रेस संपूर्ण पटल उर्दूत असेल तेव्हाच पानाची दिशा उजवीकडून डावीकडे करते; एका शीर्षकासाठी ते काम आपल्यालाच करावे लागते. तुम्ही भाषा हे वर्गीकरण करणारच आहात, तेव्हा त्या प्रत्येक भाषेसोबत तिचा संकेत आणि दिशा साठवून ठेवावी. शीर्षक छापताना ते स्वतंत्र घटकात घालून त्याला 'लँग' आणि 'डिर' ही दोन गुणवैशिष्ट्ये द्यावीत, उर्दूसाठी 'यूआर' आणि 'आरटीएल'. वर्ष आणि खंड क्रमांक त्या घटकाच्या बाहेर, त्यांच्या स्वतःच्या घटकात ठेवावेत, म्हणजे त्यांची जागा हलत नाही. 'लँग' दिल्यामुळे फॉन्टही भाषेप्रमाणे निवडता येतो आणि दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचक शीर्षक योग्य भाषेत उच्चारू शकतात.

भुईकोट

यात भाषेचा संकेत आणि दिशा साठवणे हे प्लगइनमध्ये जाईल, आणि घटक छापण्याच्या ओळी चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर आधारलेल्या उपथीमच्या) साच्यात. पोथीशाळाताई, सामान्यीकरणाचा नियम आणि हे वर्गीकरण मी एकाच प्लगइनमध्ये लिहून जीपीएलखाली इथे ठेवतो, म्हणजे इतर वाचनालयांनाही ते घेता येईल. त्यासाठी तुमच्या सूचीतील मराठी आणि उर्दूच्या काही नोंदी नमुन्यादाखल पाठवाव्यात. वाचकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक असलेली देवघेवीची यादी मात्र त्यांत नसावी.